झाप

मे सरत आलाय.
सकाळी नवालाच वाळू उठते अंगावर.
मी तळवा नाही, पालथा हात टेकवते तिच्यावर
आणि पाच आकडे मोजते.
तीनवरच हात उचलला गेला
की तिरफळला म्हणते, चल, मागं फिर.

तिरफळ आमची कुत्री. काळी, आखूड, तेरा वर्षांची.
कुणाला चावली नाही कधी,
नाव तेवढं झोंबरं.

कुडाळच्या गुरांच्या डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या,
बर्फ नको. एकदम गार पाणी नको अंगावर.
पंजे भिजवा, पोट भिजवा, कानांमागं ओला हात फिरवा.
आणि धाप थांबेचना, पाय लटपटले,
तर वाट बघू नका, गाडी काढा.
गाडी कसली!
पास्कूच्या टेम्पोला सांगून ठेवलंय.

वीज दोनला जाते.
पंखा रेंगाळत रेंगाळत थांबतो
तेव्हा घरात तिघांच्या धापा ऐकू येतात:
तिची, माझी,
आणि भावाची, जो बोलत नाही.

परवा जेवणं झाल्यावर ती दिसेना.
न्हाणीच्या मोरीत नव्हती,
पिंपामागं नव्हती,
माडाच्या आळ्यातही नव्हती,
जिथं रोज ओल उकरते आणि माझ्या शिव्या खाते.

सापडली होडीखाली.

दोन वर्षं वर ओढलेली होडी. इंजिन विकलेलं.
नाव पुसत पुसत नुसतं ‘प्रसन्न’ उरलेलं.
तिच्या बुडाशी हातभर खड्डा काढून
ओलसर वाळूला पोट लावून पडली होती.
मी वाकले. डांबराचा वास, जुन्या जाळ्याचा वास,
आणि खरंच, तिथं गार होतं.

संध्याकाळी भाऊ झापं विणायला बसला.
चुडतं दोन दिवस विहिरीवर भिजत घातली होती त्यानं,
मला कळू न देता.
‘कित्याक रे?’
‘फळ्यो फुटतत उन्हान.’
आठवड्यातलं पहिलं वाक्य.

होडीला गिऱ्हाईक येऊन गेलंय. जळणाच्या भावानं मागतो.
फुटक्या फळ्या उलट चांगल्या पेटतात.
हे त्याला ठाऊक आहे. मलाही.

आज दुपारी गेले बघायला.
झापं बांधलीयत फक्त समुद्राच्या अंगाला,
जिकडून उतरतं ऊन येतं,
पार वाळूपर्यंत,
एक कुत्रं आत शिरेल एवढी फट सोडून.
पूर्वेच्या फळ्या उघड्याच.
नाळ उघडी, तिच्यावर ऊन तडतडतंय.
खड्ड्याच्या तोंडाशी खापरात पाणी,
आत त्याची जुनी लुंगी, भिजवून, पिळून, अंथरलेली,
आणि तिच्यावर तिरफळ,
झोपेत एक पाय हलवणारी.

मी काही विचारलं नाही.
ताकाचे दोन पेले घेऊन आले.
तो होडीला टेकून बसला होता, जरा सरकला.
‘पाय भितूर घे,’ म्हणाला,
‘भाजतले.’