मूळ बेत गोकर्णचा होता

मूळ बेत गोकर्णचा होता.
एकवीस मुक्काम,
फडताळाच्या दाराला आतून चिकटवलेला नकाशा,
नकाशावर यांच्या लाल पेनाचे ठिपके,
एका ठिपक्यापाशी बारीक अक्षरात :
केतकी इथं भेटेल, गोवा विमानतळ.
तारीख अठ्ठावीस मार्च.

ट्रेलर तयार झाला एकोणीसला.
सांवेर रोडच्या नफीसभाईंनी बांधला.
जन्मभर शाळेच्या बसगाड्यांचे सांगाडे उभे केलेला माणूस,
खिडक्यांना आडवे गज आलेच.
"भिया, बच्चे हाथ बाहर नहीं निकालेंगे,"
म्हणाले, आणि आमच्या पांढऱ्या डोक्यांकडे बघून हसले.
रंग उरला होता तोच लावला, पिवळा.

मग सगळं बंद.
लोकमान्यनगरात आमच्या फाटकाशी
तो पिवळा डबा चाकांना विटा लावून उभा.
कचऱ्याची गाडी तेवढी रोज यायची,
त्याला जपून वळायची.

जुलैत यांना ताप आला.
आधी वास गेला, हिंग जळाला तरी कळेना.
घरात न्हाणीघर एकच,
म्हणून हे पथारी घेऊन ट्रेलरमध्ये गेले.
पहिला प्रवास तो. सतरा दिवस,
अंतर शून्य.
मी गजांखालून ताट सरकवायची.
हे विचारायचे, "कुठवर आलो?"
नकाशा मला पाठ. मी सांगायची :
धुळे. नाशिक. आज घाट आहे, पांघरूण घ्या.
खोकला फार असला की
मुक्काम एक दिवस वाढवायची.

ताप उतरला. वास मात्र आला नाही.

ऑगस्टात ढोबळ्यांचा निशिकांत फाटकाबाहेरून
चपलेकडे बघत म्हणाला,
"बाबांना ठेवू का थोडे दिवस?"
मी चादरी उकळून दिल्या.
सहा दिवस होते काका.
सातव्या दिवशी पांढरी गाडी आली,
तिला ट्रेलर आडवा येत होता.
चौघांनी ढकलून बाजूला केला.
पुढचं निशिकांतला फोनवरच कळलं.

नोव्हेंबर. नवा बेत महेश्वर.
नव्वद किलोमीटर, दोन रात्री,
घरचं पाणी, घरचे धपाटे, ऑक्सिमीटर.
केतकी फोनमधून म्हणाली, "एवढ्यासाठी एवढं?"
हे टायरची हवा बघत होते,
ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

ट्रेलर मागं घ्यायचा तर
चाक उलटं फिरवावं लागतं,
डावीकडे न्यायचा तर उजवीकडे.
हे चारदा चुकले. गल्ली गच्चीवर चढून बघत होती.
शेवटी निशिकांतच खाली उतरला,
हातवारे करत राहिला : येऊ द्या, येऊ द्या, बस्स.
आत मात्र त्यानं पाहिलं नाही.

राऊच्या नाक्यावर शिपायानं काठी आडवी धरली.
"इसमें क्या है?"
हे गडबडले, म्हणाले, "बिस्तर."
शिपायानं रंग पाहिला,
"स्कूल तो बंद है, बाबूजी,"
आणि काठी उचलली.

जामगेटला थांबलो.
खाली सगळं निमाड उन्हात वाळत घातलेलं.
चहा करायला मी आत गेले.
फडताळाशेजारी प्लायवूडवर पेन्सिलीच्या रेघा :
सतरा यांच्या, पाचापाचाच्या जुड्या बांधलेल्या.
त्यांच्याखाली सहा, वाकड्या.
सहावीपुढे एक बाण, फडताळाकडे.

दार उघडलं.
नकाशावर, गोकर्णच्या ठिपक्यालगत,
काकांचं मोडकं, हिशेबनीसाचं अक्षर :
पाहिले आहे, सन ७१.
समुद्राकडे डाव्या वाटेने उतरावे.
उजवीकडे घसरते.

मी किती वेळ उभी होते कोण जाणे.
बाहेरून हे ओरडले,
"अगं, दूध उतू गेलं का?
करपल्याचा वास येतोय."

मी लगेच उत्तर दिलं नाही.