पांढरा संपला

आठवड्याचे पाच दिवस मी दात बनवतो.
कुल्दीगात, बेकरीच्या वरच्या खोलीत,
ज्यांचे गेले त्यांच्यासाठी.
माझ्या फळीवर पांढऱ्याच्या सोळा छटा टांगलेल्या,
आणि समोरच्याने आ करायच्या आत
मला कळतं, याला कोणती लागेल.

म्हणून गेल्या जानेवारीत वाटलं,
बर्फ रंगवणं म्हणजे काय, हातचा मळ.

रंगांची पेटी आउस्माबाईंकडून घेतली.
नवरा त्यांचा रविवारी चित्रं काढायचा.
ट्यूबा अर्ध्यामुर्ध्या,
प्रत्येकीच्या पोटावर त्याच्या अंगठ्याचा खळगा.
लाल तेवढी कोरी. टोपणही न फिरवलेलं.
का हो, विचारलं, तर खांदे उडवून म्हणाल्या,
"त्याला घाई कसलीच नव्हती."

पहिलं चित्र: अंगणातला लाकडांचा ढीग, वर बर्फ.
बर्फ कसला, कवळी होती ती.
ढीग माझ्याकडे बघून दात विचकत होता.

फेब्रुवारीत तोच ढीग.
मार्चात तोच, निम्मा जळून गेलेला
(चित्र नव्हे, ढीग. थंडी फार होती).

या गावात येणारा जो तो विटांचा पूल काढतो.
मीही काढला, चारदा, कमानी मोजून.
पूल उभा राहिला, खालून वेंटा काही वाहीना.
ते चारही पुठ्ठे खुराड्याला ठोकलेत.
वारा अडतो. कोंबड्यांची तक्रार नाही.

एप्रिलात कधीतरी, भर कामात,
एका दाताच्या मुळाशी मला निळं दिसलं.
जरासंच. ओठाची सावली पडते तिथे.
बावीस वर्षं दात हातात धरतोय मी,
एवढा काळ हे कुठे दडी मारून बसलं होतं?
संध्याकाळी घरी गेलो
तर दुधाच्या पेल्यात हिरवट,
चादरीच्या घडीत जांभळं,
मादाराच्या कपाळावर भिंतीचा पिवळा.
"बाबा, असा काय बघतोस? काही सांडलंय का माझ्यावर?"
सांडलं होतंच की.

लीगोच्या रात्री सगळे ओकच्या पानांचे मुकुट घालून
जाळाभोवती नाचायला टेकडीवर गेले.
मी आउस्माबाईंना खिडकीशी बसवलं.
रात्री अकराचा उजेड,
ना दिवसाचा ना रात्रीचा, कुणीच न्यायला न आलेला.
चित्राकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.
"ही मी नाही. पण खुर्ची आमचीच."
मी ते शाबासकीच्या खात्यात जमा केलं.

मग तीन महिने काही नाही.
हातच उठेना. ब्रश वाळून खराटे झाले.
हे वर्षाच्या हिशेबात धरायचं की वगळायचं,
अजून ठरत नाही.

ऑक्टोबरात तालिवाल्डिस आला, एक्याऐंशीचा,
जन्मभर माशांना धुरी दिलेला.
म्हणाला, "दात नवे कर, पण नवे दिसू देऊ नकोस.
पेटीत निजवतील तेव्हा नातवंडांना ओळख पटायला हवी."
एरवी मी फळीवरची चौथी छटा दिली असती, आणि बिल.
या वेळी पुढच्या दातावर केसाएवढी चीर ओढली,
कडेला चहाचा डाग,
सुळ्यावर त्याच्या धुरीघराच्या दाराचा तपकिरी,
आणि मुळाशी, जिथे कुणी बघायला जात नाही, ते निळं.
त्याने आरसा धरला. हसला.
मग हसायचा थांबून जीभ फिरवली.
"हे तर माझेच. तुला कुठे सापडले?"

वर्षातलं माझं सर्वांत बरं चित्र
सध्या काळा पाव चावत गावभर हिंडतंय.
सही नाही त्याच्यावर.

आज पुन्हा जानेवारी, पुन्हा ढीग, पुन्हा बर्फ.
पांढरी ट्यूब शेपटीपासून गुंडाळत आणली
आणि ती संपली. दुकान सोमवारी उघडेल.
बर्फाला तिची फारशी गरज नव्हती, असं आता दिसतंय.
ढिगाच्या वर, ऊन टेकलंय तिथे,
मला शपथेवर लाल दिसतोय.

टोपण जाम बसलेलं. दातांच्या पकडीने फिरवलं.
आता कोऱ्या ट्यूबच्या पोटावर अंगठा ठेवून बसलोय.
दाबलेला नाही अजून.