समुद्रापारचं झाड

पोरीनं टोरांटोहून पैसे भरून ठेवलेत म्हणून आले,
नाहीतर या काचेच्या दारावरून
एकतीस वर्षं बसनंच गेले मी,
टेलिफोन एक्स्चेंजला जाताना, येताना.
दारवानाच्या टोपीची सोनेरी कड दिसायची,
तेवढंच हॉटेल माझ्या ओळखीचं.

आज त्यानं दार माझ्यासाठी उघडलं.
मी उगाचच खांद्यावरचा नेतेला सारखा केला.

लेमलेम नाव तिचं. नातीच्या वयाची.
पांढरा झगा दिला, आणि सपाता इतक्या मऊ
की वाटावं, पाय दुसऱ्या कुणाचे,
आपण तासाभरासाठी उसने आणलेत.
"आधी वाफ घ्या, आजी," म्हणाली.

वाफेच्या खोलीत शिरले
तर एन्तोतोचा डोंगर समोर उभा!

तोच वास. ओल्या पाल्याचा, सोललेल्या सालीचा.
निलगिरी.
दहाव्या वर्षी याच वासाखाली वाकून
आईच्या मागोमाग उतरायचे मी,
पाठीवर माझ्याहून लांब मोळी,
दोर काखेतून काढलेला,
शेंडे जमिनीला घासत यायचे,
धुळीत मागे रेघा उमटायच्या
जसं कुणी डोंगराला झाडू मारतंय.
तेव्हा हा वास नाकात गेला की पोटात गोळा यायचा.
आता म्हणे यानं श्वास मोकळा होतो.
मी हसले. एकटीच, वाफेत, मोठ्यानं.
आणि झाला की हो मोकळा!
वासाला काय ठाऊक
कुणाचं ओझं आणि कुणाचं औषध.

मग पालथी झाले.
लेमलेमनं तेल कोमट केलं, तळहात टेकवला,
डाव्या खांद्याशी थांबली.
"इथे काय आहे?"
"गाठ. आमची जुनी ओळख आहे."
"काय उचलायचात?"
"तुझ्या त्या बाटलीतलं."
तिला कळेना. बाटली फिरवून लेबल वाचलं:
ऑस्ट्रेलिया.
खरंच की. आम्हीही त्याला
समुद्रापारचं झाडच म्हणतो.
म्हणजे ते जाऊन-येऊन आलं, जहाजानं, विमानानं,
आता थेंबाथेंबानं विकतात त्याला,
आणि मी साठ वर्षांत
फक्त एक डोंगर उतरले.

तिचा अंगठा गाठीभोवती फिरत राहिला,
पीठ मळताना खडा लागावा तसा.
तिला घाई नव्हती.
मला तर जन्मात पहिल्यांदाच नव्हती.
मध्येच डोळा लागला. घोरलेही असेन.

संध्याकाळी खाली, लाउंजमध्ये,
वेटरनं खुर्ची ओढून धरली
आणि मी त्याच्याकडे बघत उभीच.
बसायचं असतं, हे जरा उशिरा कळलं.
तेज मागवली, मधाची, बारीक मानेच्या चंबूतून.

सॅक्सोफोनवर नेगुसी. माझ्याच वयाचा असावा,
शर्टाचं वरचं बटण तुटलेलं.
शेजारी क्रार घेऊन एक सडपातळ पोरगी.
एकतीस वर्षं मी कानाला लावून ऐकलं
लोकांचं रडणं, कॉफीचे भाव, सोयरिकी, शिव्या,
आणि "तीन मिनिटं झाली" म्हणून तोडलं.
हे तोडायचं नव्हतं.
पाचच सूर. त्यातल्या एकाच्या दारापर्यंत जाऊन
तो पुन्हा पुन्हा मागे फिरत होता,
जुना देणेकरी जसा
कडी वाजवू की नको करतो.

मग अचानक लय धरली त्यानं. खांद्यांची लय.
आमच्याकडे नाच पायांत नसतो.
कॉन्फरन्सचे पाहुणे, गळ्यात बिल्ले,
नम्रपणे माना डोलवत बसलेले.
माझा उजवा खांदा आधी हलला, तो उनाडच.
मग डावा.
जरासा. चाचपत. मोळी आहे की नाही बघत.
मग नाहीच म्हटल्यावर
असा काही सुटला
की चंबू कलंडता कलंडता राहिला.
क्रारवाली हसली, आणि तोच तुकडा
माझ्यासाठी पुन्हा वाजवला.

पर्समध्ये फोन थरथरला. हिरुत असणार,
"आई, कसं वाटलं?" विचारायला.
तीन रिंगांच्या आत उचलायचा, असा आमचा नियम.
चौथी झाली. पाचवी झाली.
थांब गं बाळा,
लाइन बिझी आहे.