विरजण

मला तो चोरायचा होता, सरळच सांगते.

येरेवानच्या एका दंतवैद्याने
वडिलांच्या कबरीसाठी खाचकार मागितला होता,
आगाऊ रक्कम छपराच्या पत्र्यांत गेली होती
आणि माझ्या डोक्यात
उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखे नुसते गोटे.

म्हणून तीन दिवस सेवान तळ्याच्या काठावर,
जुन्या कबरस्तानात,
दगडावर कागद ताणून कोळसा घासत होते.
पाठीशी शेळ्या, कानाशी वारा,
सेद्राककाका गाडीत झोपलेला, रेडिओ चालू ठेवून.
आठशे वर्षांचा क्रूस. तळाशी बीज, खांद्यावर डाळिंबं,
कडेची वेल अशी गुंतलेली
की सुरुवात कुठून म्हणून विचारावं
तर दगडच हसेल.

चौथ्या दिवशी बोट अडखळलं.
डावीकडे, सातव्या वळणावर.
इथे छिन्नी घसरलीय.
नखाएवढा टवका उडालाय
आणि त्या माणसाने
(नाव झिजलंय, ‘…ने कोरला, आठवण असू द्या’
एवढंच उरलंय)
खळग्याभोवती दोन रेघा ओढून
तिथे चिमणी बसवलीय.
उजव्या वेलीवर चिमणी नाही.

दिसलाच मला तो.
भुवयांवर दगडाची पूड,
नुकतीच एक सणसणीत शिवी हासडलेली,
उजेड उतरत आलेला,
आणि हात काखेत दाबून
टवक्याकडे बघत उभा.
किती वेळ उभा असेल?
मी तर शेळ्या गेल्या तरी बसून होते.

घरी येऊन कागद पसरला.
ठरवलं, चिमणीसकट उतरवायचं.
काका म्हणाला, चूक त्याची, ती तू कशाला करतेस?
तुझ्या स्वतःच्या काय कमी आहेत?

त्याच रात्री घरातलं विरजण संपलं.
वाटी घेऊन हेरिकनाझकडे गेले.
तिच्याकडचं मात्सुन तिच्या जावेचं,
जावेचं तिच्या सासूकडून आलेलं,
सासूने ते आणलं होतं डोंगरापलीकडून, लहानपणी,
फडक्यात वाळवून,
जिथे आता आमचं कुणी राहत नाही.
तिने चमचाभर दिलं. मी म्हटलं, अजून घाल की.
‘जास्त घातलंस तर आंबट होतं, पोरी.
आणि दूध कोमट ठेव.
कढत दुधात मरतं ते.’

सकाळी कागद गुंडाळून कपाटामागे ठेवला.
दंतवैद्याला फोन लावला:
वडील काय करायचे तुमचे?
त्याला वाटलं मी पैसे वाढवून मागणार.
मग म्हणाला, ट्रॉलीबस चालवायचे. बत्तीस वर्षं.
एका हाताने सूर्यफुलाच्या बिया सोलत.
आई ओरडायची, प्रत्येक खिशात टरफलं.

मी वेल सरळ केली.
दोन तारा, शेजारी शेजारी,
वर जाताना एकमेकींना न शिवणाऱ्या,
क्रूसाच्या खांद्यापाशी वळण घेणाऱ्या,
जशा चौकात वळतात.
काका दारात उभा राहून बघत राहिला
आणि काहीच बोलला नाही, म्हणजे
त्याला पटलं नव्हतं, किंवा पटलं होतं.

अकराव्या दिवशी माझीही छिन्नी घसरली.
शिवी तीच आली तोंडात, असणारच,
आठशे वर्षांत शिव्या कितीशा बदलतात.
हात काखेत दाबला.
विचारलं त्याला, आता?
तो आपल्या टवक्याकडे बघत होता.
माझ्याकडे बघायला त्याला सवड नव्हती.

चिमणी बसत नव्हती तिथे.
टवका लहान होता, लांबट,
एका टोकाला निमुळता.
उन्हं कलेपर्यंत बघत राहिले तेव्हा कळलं
ती बी आहे.
सोलायची राहून गेलेली.

दगड गेला. पत्रे बसले.
दंतवैद्याचा फोन आला नाही,
त्याच्या आईचा आला, रडत, मध्येच हसत.

हेरिकनाझची वाटी अजून माझ्याकडे आहे.
दोनदा घासून ठेवली,
दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आले.
रिकामी कशी द्यायची?