सहा क्रेडिट तास

नाईट संपवून तशीच वर आले.
केप्याच्या आरोग्य केंद्राचा दुसरा मजला,
एरवी इथे लसींचे रिकामे डबे असतात,
आज प्लास्टिकच्या खुर्च्या, अर्धगोलात.
सहा क्रेडिट तास मिळणार आहेत.
डिसेंबरात नोंदणीचं नूतनीकरण,
आणि मला अजून एकवीस कमी पडतात.

पणजीहून आलेली मुलगी म्हणते,
डोळे मिटा, श्वासाकडे बघा.
आम्ही एकोणीस जणी.
मिटले तर उघडायचे नाहीत,
हे प्रत्येकीला ठाऊक.
एर्मेलिंदा कुलासो तिसऱ्याच श्वासाला झोपली,
तोंड किंचित उघडं.
कुणी उठवलं नाही,
शेजारणीने फक्त तिची पर्स सरळ केली.
मी श्वासाकडे बघायला गेले
आणि सवयीने मोजू लागले:
मिनिटाला बावीस.

खाट नंबर सातचे रात्री चाळीस होते,
पहाटे चारला सहा,
मग मोजायचं काही उरलं नाही.
तिची काकणं मी साबण लावून उतरवली,
वर्तमानपत्रात गुंडाळून वर लिहिलं: नऊ, एक तडकलेलं.
मुलाने सही केली.
खाली रस्त्यावर पोदेराचा भोंपू वाजत होता
आणि मला भूक लागली होती,
याचीच लाज वाटली.

गटचर्चा.
स्वतःसाठी शेवटचं काय केलंत?
सुगंधा वेळीप म्हणाली, दाढ काढली.
हसलो सगळ्या, ती सोडून.
दुसरी म्हणाली, चवथीला दोन दिवस रजा मागितली.
मिळाली?
मागितली का, एवढंच विचारलंय ना?
पणजीची मुलगी फळ्यावर लिहीत राहिली,
रजा, दाढ,
आणि मग खडू हातातच राहिला तिच्या.

जेवणानंतर नवीन बीपी मशीन.
जोड्या करा, एकमेकींवर शिका.
माझ्या वाट्याला मिताली फळदेसाई,
फेब्रुवारीत रुजू झालेली,
अजून सलाईन लावताना ओठ चावते.
मशीन नाडी दाखवत होतं,
तरी तिने मनगटावर तीन बोटं ठेवली.
मीच सांगितलं होतं तिला,
यंत्र बघ, पण हात लाव.
किती वर्षांत कुणी असं धरलं नव्हतं मला,
काही मागण्यासाठी नाही,
उठवण्यासाठी नाही,
नुसतं मोजण्यासाठी.

पट्टा आवळला, सैल झाला.
एकशे अडुसष्ट, एकशे चार.
मी म्हटलं, जिना चढून आलेय, पाच मिनिटांनी परत घे.
तिने घेतलं.
एकशे सहासष्ट, एकशे दोन.
पोरगी काही क्षण गप्प.
मग माझ्याच शब्दांत, माझ्याच त्या आवाजात,
जो मी बागायतीतल्या हट्टी म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलाय:
हे असं चालायचं नाही हां.
किती दिवस डोकं दुखतंय?
मी सांगणार होते, दुखत नाही.
सांगितलं, गणपतीपासून.

शेवटी फॉर्म.
आज काय शिकलात, तीन ओळींत.
पहिल्या ओळीत लिहिलं, मशीनचं बटण डावीकडे आहे.
दोन ओळी कोऱ्या सोडल्या.
एर्मेलिंदाला उठवून सही करायला लावली,
तिला वाटलं, ड्यूटी सुरू झाली.

खाली दुपारची ओपीडी.
केसपेपरच्या खिडकीत दामू,
न बघताच विचारतो,
सिस्टर, कोणाखातीर?
म्हजेखातीर.
तेव्हा कुठे त्याने मान वर केली.
वय विचारलं.
दोन वर्षं कमी सांगितली,
मग म्हटलं, खोड, बावन्न लिही.
मागे रांग होती,
एकाच्या पायाला पट्टी, एकीच्या कडेवर तापलेलं पोर.
पोराला मी हाताने पुढे घेतलं.
बाकी कुणाला
आधी तुम्ही जा, असं म्हटलं नाही.