फुकट रंगवलेली भिंत

तीस वर्षं भिंती रंगवल्या मी,
कंग्राळीपासून कडोलीपर्यंत.
ट्रॅक्टर काढला, नारळ काढला, छत्री काढली.
एकदा शिलाई मशीन काढलं,
तर त्याची सुई उमेदवारापेक्षा सरळ आली.
फुटाला अठरा रुपये. चुना तुमचा, नीळ माझी.
मत कुणाला, असं कुणी विचारलं तर म्हणायचो,
पेंटरला मत नसतंय गा, ब्रश असतोय.
आणि मतदानादिवशी हद्दीपलीकडं,
चंदगडला सासरवाडीत, मटण खायला.

कानडी मला बोलता येतं
बाजारापुरतं, पोलिसापुरतं.
वाचता येत नाही. खरं, काढता येतं.
कागद समोर टांगायचा, चौकटी आखायच्या,
पोटात गोल, वर कोंबड्याच्या तुऱ्यासारखी रेघ,
नक्षी उतरवावी तसं उतरवायचं.
पंचायतीचे सगळे बोर्ड माझ्या हातचे.
पीडीओ साहेब म्हणायचे, एक चूक नाही तुझी.
रात्री कुणी काळं फासलं की सकाळी मलाच निरोप.
मराठी बोर्ड असो, कानडी असो,
डांबर एकाच डब्यातलं असायचं.

माघातली गोष्ट.
रेणुका मुतगेकर पंचायतीच्या भिंतीपुढं
घागर खाली ठेवून उभी होती.
गोकाकच्या गिरणीत नऊ वर्षं सूत जोडलेली बाई,
तुटलेलं टोक शोधता शोधता कानडी शिकलेली.
ती वाचत होती. मोठ्यानं.
एक ओळ कानडीत, मग तीच मराठीत,
भिंतीवर बोट ठेवून, पहिलीतल्या पोरासारखं.
घरोघरी नळ. काम पूर्ण. खर्च इतका.
मग नावं.
एकेक नाव आलं की
बायकांतली एकेक घागर जमिनीवर टेकत होती.
कल्लव्वानं विचारलं, "नंदू ऐती?"
"ऐती अव्वा. निंदू नळ ऐती."
कल्लव्वा स्वतःच्या रिकाम्या हाताकडं बघत राहिली.
चौदाव्या नावावर रेणुका थांबली.
"भरमा कल्लाप्पा पाऊसकर.
हे तुम्हीच न्हवं, पेंटर?"

माझंच नाव,
माझ्याच हातानं,
तुऱ्यासकट, दोन कोट देऊन,
नळ मिळालेल्यांत लिहून ठेवलं होतं मी.
दोन वर्षं त्या नावाखालून
माझी बायको हापशाला जात होती.
कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

चैतात ती उभी राहिली.
चिन्ह मिळालं किटली.
रुमालात नऊशे रुपये बांधून माझ्या दारात आली.
मी म्हटलं, राहू दे.
म्हणाली, फुकट नको बाबा,
फुकटचं लोक उद्या बोलून दाखवतात.
छातीत असं काही तरी हललं,
जुन्या डब्याचं झाकण उचकटताना हलतं तसं.
मी म्हटलं, मग पैसे नको,
तुझं नाव कानडीत वाचायला शिकव.
कोळशानं उंबऱ्यावर तिनं काढलं.
रे. णु. का.
त्रेपन्नाव्या वर्षी तीन अक्षरं मी
न बघता परत काढली.

दूध डेअरीची भिंत घेतली. वर मराठी, खाली कानडी.
आमची पोरं आली, कानडी कशाला?
पलीकडच्या गल्लीतली आली, मराठी वर का?
मी म्हटलं, कल्लव्वाला वाचायचंय.
कल्लव्वाला कुठलंच वाचता येत नाही
हे मला नंतर आठवलं.

सासरवाडीला कळवलंय,
यंदा मटण धरू नका माझं.
ती पडेल असं डेअरीवाला म्हणतोय.
पडेलही.
रात्री बॅटरी लावून किटलीची तोटी पुरी केली
आणि हात थांबला नाही, टोकाला एक थेंब काढला.
चिन्हात थेंब नाही.
साहेबांचा माणूस येऊन सांगून गेला, पुसा म्हणून.
पुसेन.
आधी वाळू तर दे.