पावलांचा हिशेब

त्रीनू म्हणाली, आज काही शिकायचं नाही.
आज फक्त पावलं मोजायची.
तुमची किती, त्याची किती.

एकोणीस वर्षांची पोर.
जुनिपरच्या झुडपांतून सायकल रेटत येते,
पैसे घेत नाही, शेळीचं चीज नेते,
आणि मला, चौसष्टाव्या वर्षी,
माझ्याच कुंपणात उभं राहायला शिकवते.

तुइस्कने खांदा लावला, मी सरकले.
त्याने मान आत घेतली,
मी दोर सैल सोडला.
त्याने बरगडीत नाक खुपसलं,
मी हसले, आणि हसता हसता आणखी दोन.
पाठ दगडी बांधाला टेकली
तेव्हा त्रीनूने बेरीज सांगितली:
नऊ तुमची.
त्याचं एकही नाही.

द्वाड नाही हो तो, ती म्हणाली.
त्याला वाटतं, तुम्ही एक दार आहात,
ढकललं की उघडणारं.

रात्री चुलीपाशी मोजे वाळत घालताना
बेरीज पुढे चालूच राहिली.
दीर काल्योने बांध दोन हात आत सरकवला
त्या दिवशी मी त्याला कॉफी करून दिली होती,
वर विचारलं होतं, साखर किती.
फेरीबोटीच्या रांगेत किती, बँकेत किती,
ते आठवेना.
मोजायची सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी लांब दोर.
एक हात पुढे, जायची दिशा दाखवणारा,
दुसऱ्या हातात चाबूक, मारायला नव्हे,
त्याच्या शेपटीमागे हवेत ओढलेली नुसती एक रेघ.
समुद्राकडची बाजू तो झोकात पार करायचा,
पण गोठ्याची बाजू आली
की वर्तुळ चेपायचं, भाकरी एका कडेला चेपावी तसं,
आणि साडेतीनशे किलोंचा घोडा
सरळ माझ्या डाव्या कुशीवर.

खांद्याकडे बोट करा! त्रीनू ओरडायची.
डोळ्यांकडे नको, खांद्याकडे!
तुम्ही झाड आहात!
मी झाड झाले.
झाडाच्या पायावर त्याने खूर ठेवला.

शिव्या देऊन झाल्या,
बूट काढून अंगठा पाहून झाला,
तेव्हा त्रीनूने विचारलं,
नेहमी डावीकडेच का हो येतो हा?

डावा खिसा.
एन्देलचा कोट. दोन हिवाळे मीच वापरतेय,
बाह्या दुमडून.
खिशाच्या तळाशी अजून राईच्या पावाचा चुरा,
काळा, दगडासारखा,
ज्याच्यासाठी तो माणूस रोज सकाळी
या जनावराला स्वतःला ढकलू द्यायचा,
पार गोठ्याच्या भिंतीपर्यंत,
आणि मोठ्याने हसायचा.

मी कोट काढला. बांधावर टाकला.
स्वेटरमधून वारा आरपार गेला.

आता तो आला तेव्हा मी दोर हलवला,
एकदा, हलका.
मग जरा जोरात.
मग इतका, की कडी त्याच्या हनुवटीखाली वाजली.
त्याने कान मागे टाकले. मला पाहिलं.
नाकपुडीतून वाफ सोडली.
आणि मागचा उजवा पाय
जड कपाट हलवावं तसा
मागे टेकवला.

एक, त्रीनू म्हणाली. त्याचं.

लगेच दोर सोडा, सोडा, बक्षीस तेच!
मी सोडला.
आमच्या दोघांमध्ये एवढी जागा मी प्रथमच पाहिली.
तिथे पिवळं गवत होतं,
माझ्या बोटाएवढी एक गोगलगाय होती.

नंतर तो फिरला, वीस फेरे, नीट,
दोराला ओढ नाही, झोल नाही.
फक्त बांधाजवळ, कोटापाशी,
दर वेळी अर्धा क्षण चाल मंदावायची.
हाका त्याला, त्रीनू म्हणाली.
हाकलं.
पण दर वेळी अर्धा क्षण उशिरा.

कोट रात्री तिथेच विसरला.
की ठेवला, माहीत नाही.
सकाळी खाली पडलेला दिसला, बर्फाची बारीक भुकटी अंगावर,
डावा खिसा उलटा, लाळेने गोठून ताठ,
चुरा साफ.
तुइस्क वीस पावलांवर
मला पाठ करून उभा.

पावलं मोजली नाहीत मी.
कोट झटकला,
खिसा उलटाच राहू दिला.